सगळ्यांच्या आधी

४ मार्च

दादा,

मायना काय लिहायचा यातच अर्धा तास गेला. शेवटी नुसत्या 'दादा'वर थांबले.

फोनवर तू मला बंद केलंयस, मेसेज जात नाही, गेममध्ये तुझ्या नावापुढे मला कुलूप दिसतं. राहिलं पोस्ट. कोपऱ्यावरच्या दुकानात पाकीट मागितलं तर दुकानदार आत जाऊन बराच वेळ खुडबुड करून आला आणि म्हणाला, "नोकरीचा अर्ज वाटतं?" मी हो म्हटलं. दोन वर्षांनी भावाला पत्र लिहितेय हे त्याला कुठे सांगत बसू?

बातमी अशी की आपल्या गेममधला समुद्र उघडतोय.

तू वाचलं असशीलच. चार वर्षं आपण खाडीतून होडी काढून बंदराच्या तोंडाशी न्यायचो, त्या धुक्याला नाक लावायचो आणि माघारी फिरायचो. तू म्हणायचास, एक दिवस हे धुकं उठेल आणि आपण दोघं सगळ्यात पुढे असू. तर अठरा तारखेला अपडेट येतंय आणि धुकं उठतंय. पण अठरा तारीख सगळ्यांसाठी. कंपनीनं चाळीस स्ट्रीमरना, म्हणजे माझ्यासारख्या लोकांना दाखवत खेळणाऱ्यांना, नऊ दिवस आधीच आत सोडायचं ठरवलंय. नऊ तारखेपासून आम्ही खेळायचं, चित्रित करून ठेवायचं, पण बाहेर चकार शब्द काढायचा नाही. चौदाला संध्याकाळी सहाला सगळ्यांनी एकदम दाखवायचं. म्हणजे मग बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटेल आणि अठराला झुंबड उडेल, असा हिशेब. त्या चाळिसांत मी आहे.

आईला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. ती म्हणाली, "म्हणजे भाजी झाली की मीठ बघायला बोलावतात, तसं?" मी म्हटलं, "नाही गं, मीठ बघून झालेलं असतं. नुसतं छान झालंय म्हणायला बोलावतात." त्यावर ती म्हणाली, "मग त्यात तुझं काय काम?"

प्रत्येकाला एक जास्तीचा कोड मिळतो, सोबत्यासाठी. तो मी पत्राच्या शेवटी लिहिलाय. सोळा अक्षरं आहेत, दोनदा तपासलीत. मला दुसरं कुणी सुचलंच नाही. तुला कॅमेऱ्यासमोर यायला नको, बोलायलाही नको. नुसती होडी हाक. सुकाणू तुझ्याकडे, शीड माझ्याकडे, पूर्वीसारखं.

आणि तो तुझा अकरा सेकंदांचा व्हिडिओचा तुकडा. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते, तो एका बघणाऱ्यानं कापून मला पाठवला होता. मी नीट न बघताच चॅनलवर चढवला. इतकं पसरेल असं मला वाटलं नव्हतं.

नऊ तारखेला सकाळी दहा वाजता. मी बंदराच्या पायऱ्यांवर थांबेन.

टाचणी


९ मार्च

दादा,

थांबले होते. दहा ते साडेबारा.

आई काल जिन्यात येऊन फोनवर बोलत होती, घरात तुला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाली, पाकीट आलं, तू हातात घेतलंस, उलटसुलट केलंस आणि फ्रिजवर ठेवून दिलंस. "तिथंच आहे अजून. मी काही हात लावला नाही." म्हणजे तू वाचलंच नाहीयेस. मग हे दुसरं पाकीटही फ्रिजवरच जाणार. जाऊ दे. तिथं निदान गार राहील.

आतलं सांगू? तू वाचणार नाहीस तर तुझी मजा जाण्याचाही प्रश्न नाही, म्हणून सांगते.

दादा, आत कुणीच नाहीये.

नेहमीचं बंदर तुला माहीत आहे. पायऱ्यांवर बाजार, कुणी मासे विकतंय, कुणी उगाच उड्या मारतंय, कुणी नवखा "नांगर कसा टाकायचा हो?" म्हणून सगळ्यांना विचारत फिरतोय आणि तू त्याला लिहून लिहून सांगतोयस. हे तेच बंदर आहे, दगड न दगड तोच. पण चाळीस माणसांसाठी वेगळा सर्व्हर उघडलाय, आणि ती चाळीस माणसं सुटली ती थेट समुद्रात. पहिलं बेट कुणाचं, पहिला देवमासा कुणाचा. मी पायऱ्यांवर उभी होते तेवढ्यात बंदर रिकामं झालं. कंपनीनं ठेवलेले बाहुले तेवढे उरले. जाळी विणणारा म्हातारा, घागर घेऊन जाणारी बाई. ती बाई विहिरीपर्यंत जाते, वळते, परत जाते. मी तिच्यामागून तीन फेऱ्या मारल्या.

मग निघाले. धुकं होतं तिथे आता काहीच नाही. इतकं मोकळं की मला उगाच भीती वाटली. सुकाणूही मीच, शीडही मीच. एकाला सोडून दुसऱ्याकडे धावायचं. होडी सारखी डावीकडे जात होती आणि मला सवयीनं तोंडात आलं, "दादा, धर की." ते रेकॉर्ड झालंय. कापून टाकेन.

दुपारी एक होडी समोरून आली. तिच्यावर एक मोठा स्ट्रीमर होता, तू ओळखशील, तो लाल टोपीवाला. मी हाक मारली. पण आम्हा चाळिसांचे आवाज एकमेकांना बंद ठेवलेत, प्रत्येकाचं चित्रण स्वच्छ यावं म्हणून. त्याचं तोंड हलत होतं. तो त्याच्या लोकांशी बोलत होता, म्हणजे चौदा तारखेला जे त्याचं ऐकणार आहेत त्यांच्याशी. मीही तेच करत होते. दोन होड्या हातभर अंतरावरून गेल्या आणि आम्ही दोघंही तिथं नसलेल्या माणसांशी हसून बोलत होतो.

इकडे खोलीत कसं आहे ते तुला माहीत नाही. तू आलाच नाहीस इथे. एक खिडकी आहे, तिच्यावर गादी उभी करून बांधलीय, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. त्यामुळे सकाळ झालेली मला दिव्याच्या बटणावरून कळते. शेजारच्या खोलीतल्या बाई दवाखान्यात नर्स आहेत. त्या मला एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडे नेहमी पाहुणे असतात ना? सारखं हसणं-बोलणं ऐकू येतं."

टाचणी


११ मार्च

दादा,

पहिली दोन पाकिटं एकावर एक ठेवलीत असं आई म्हणाली. ठीक. मग हे तिसरं मी मोकळेपणानं लिहिते. न वाचणाऱ्या माणसाला खरं सांगायला सोपं जातं.

आधी बेटांचं. नव्या समुद्रात पंधरा बेटं आहेत. जो पहिला पोचेल त्यानं बेटाला नाव द्यायचं आणि ते नाव कायमचं, सगळ्यांच्या नकाशावर. तू चार वर्षांपूर्वी वहीत नावं लिहून ठेवली होतीस. कंपनीनं आम्हालाही तो हक्क दिलाय. म्हणजे अठरा तारखेला जे लाखभर लोक येतील, त्यांच्यासाठी एकही बेट बिननावाचं उरणार नाही. पहिल्या दोन दिवसांतच बारा गेली. बहुतेकांवर स्ट्रीमरांनी आपापल्या चॅनलची नावं टाकलीत.

काल दुपारी मला एक सापडलं. अगदी छोटं, तीन खडकांच्या मागे लपलेलं, वर पाच-सहा बकऱ्या. किनाऱ्यावर एक उभी शिळा आणि पडद्यावर चौकट, 'नाव द्या'. मी 'पाना' लिहिलं. तुझं गेममधलं नाव. लिहून बघत बसले. मग वाटलं, तुला न विचारता तुझं नाव पुन्हा एकदा लोकांसमोर टाकतेय मी. खोडलं. माझंही लिहिवेना. चौकट तशीच सोडून निघून आले. आज सकाळी बघितलं तर त्या बेटाला एका थंड पेयाचं नाव पडलंय. कुणाचा तरी प्रायोजक असणार. बकऱ्यांना काय, त्या चरताहेत.

'पुन्हा एकदा' असं वर लिहिलं गेलं. आता त्याचंच लिहिते.

तो तुकडा कुणीही कापून पाठवला नव्हता. मी कापला होता.

त्या दिवशी आपण खाडीतून माल घेऊन येत होतो. माझे बघणारे तेव्हा दोनशेही नव्हते. होडीला तळाशी भगदाड पडलं आणि तुला सांगायचं होतं, पाणी भरतंय. 'प'वर तू अडकलास. तू अडकतोस तेव्हा मी लहानपणापासून काय करते? गप्प बसते. तूच शिकवलं होतंस मला, मी सहा-सात वर्षांची असताना. "शब्द माझा आहे, तू ओढू नकोस, तो येतो." आई ओढायची, शाळेतल्या बाई ओढायच्या, मी नाही ओढायचे. त्या दिवशी मी ओढला नाही, पण हसले. होडी बुडाली, माल गेला, तू अजून 'प'वर होतास आणि मी खो खो हसत होते. तूही मग हसलास. तुझं हसणं मी तुकड्यात ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन तास बसून तो तुकडा केला. खाली उलटे आकडे टाकले, अकरा, दहा, नऊ. प्रत्येक 'प'ला एक टिंग असा आवाज लावला. कुठला टिंग जास्त हसू आणेल म्हणून सात आवाज लावून पाहिले. वर मथळा दिला. तो मथळा मी इथे लिहू शकत नाही.

आणि दादा, पाणी मलाही दिसत होतं. होडीत मीही होते. मला सहज म्हणता आलं असतं, पाणी भरतंय, मी उपसते. मी उपसलं नाही, कारण तू मस्त अडकला होतास आणि लोक वाढत होते. दोनशेचे नऊशे झाले होते. मी आकड्याकडे बघत होते.

तेवीस लाख लोकांनी पाहिला तो. आज मी चाळिसांत आहे ती त्याच्या जोरावर.

आईनं परवा मला आणखी एक सांगितलं. तिला वाटत होतं मला माहीत आहे. तू आता लिफ्टच्या कामावर नसतोस, गोदामात असतोस, सुटे भाग मोजतोस. लिफ्टच्या खड्ड्यात एक माणूस वर, एक खाली, मध्ये वॉकीटॉकी, असं तू मला सांगितलेलं आठवतं. वॉकीटॉकीवर ते लोक टिंग करायचे म्हणे, तू बोलायला लागलास की. एकदा खरंच काहीतरी अडकलं होतं आणि तू वर सांगत होतास आणि वरचा हसत बसला. कुणाला लागलं नाही. पण तू दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिलास. चौदा वर्षांचं काम, दादा. पुढच्या महिन्यात तुला मुकादम करणार होते.

आई म्हणाली, "तो काही बोलत नाही त्याबद्दल." मग स्वतःच म्हणाली, "तो तसाही हल्ली कशाबद्दलच बोलत नाही."

हे पत्र मी पेटीत टाकते आणि लगेच घरी येते. विचार करत उभी राहिले तर परत काढायचा प्रयत्न करेन.

टाचणी


१३ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं.

सकाळी दाराखालून सरकलं. तुझं अक्षर बघून मी तिथेच फरशीवर बसले. 'कोड वापरणार नाही. आधी नको. अठराला सगळ्यांबरोबर येईन. रांगेत.' खाली सही नाही, नुसती ६ मार्च ही तारीख.

सहा मार्च! कार्ड पोस्टात आठवडाभर कुठे पडून होतं कोण जाणे. म्हणजे पहिलं पत्र आलं त्याच दिवशी तू उघडलंस, वाचलंस, उत्तर लिहिलंस, पाकीट पुन्हा चिकटवलंस आणि फ्रिजवर ठेवलंस, आईला दिसेल असं. आणि मी इकडे न वाचणाऱ्या माणसाला म्हणून सगळं लिहून बसले. ते तिसरं पत्र आज तुझ्या हातात पडत असेल. पेटीवर पत्रं किती वाजता काढतात ते लिहिलेलं असतं, तरी ते अजून आत असेल का म्हणून मी आत्ता जाऊन पाहिलं. उगाच.

वाचतोयस तर मग आणखी एक वाच. शेवटचं लपवलेलं आहे.

सोबत्याचा कोड मला दुसरं कुणी सुचलं नाही म्हणून पाठवला, असं लिहिलं होतं मी. कंपनीत स्ट्रीमरांची यादी सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. वागायला चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू? त्यांचा फेब्रुवारीत फोन आला. म्हणाल्या, "तुमचे ते भाऊ येतील का हो? लोक अजून त्यांची आठवण काढतात. नव्या समुद्रात ते असे घाबरून वगैरे... फार मजा येईल." मी म्हटलं, विचारते. त्या म्हणाल्या, "ते आले तर तुम्हाला पहिल्या दहांत ठेवता येईल."

मी तुला विचारलं ते त्यांनी सांगितल्यावर. आणि तरीही, दादा, तू यावंस असं मला माझ्यासाठी वाटत होतं. दोन्ही खरं आहे. कुठलं किती, ते मला मोजता येत नाही, म्हणून दोन्ही लिहिलं.

तू कोड नाकारलास हे फार बरं केलंस. तू आला असतास तर मी पुन्हा तेच केलं असतं का? नाही, असं लिहायला हात धजत नाही.

टाचणी


१५ मार्च

दादा,

काल सहा वाजले. चाळीस जणांनी एकदम दारं उघडली.

माझ्याकडे नऊ हजार लोक आले. मी व्हिडिओ तयार ठेवला होता. धुकं, मोकळं पाणी, देवमासा, बेटं. तो सुरू केला आणि बोलायला लागले. पहिल्याच मिनिटाला कुणीतरी लिहिलं, 'पाना कुठाय?' मग दुसऱ्यानं. मग एकानं नुसतं 'प' लिहिलं. तू पाहिलंयस ना चॅट कशी धावते? पुढची दोन मिनिटं पडद्याच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत नुसते प होते. मागे देवमासा उसळत होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी व्हिडिओ थांबवला. म्हणाले, "तो माझा सख्खा भाऊ आहे. तो तुकडा मी केला होता, त्याला न विचारता. तो अडकला होता ते नाटक नव्हतं, तो तसाच बोलतो. होडी माझ्यामुळे बुडाली." तुझ्याबद्दल याहून एक अक्षर जास्त बोलले नाही. गोदाम नाही, काही नाही. मग त्यांच्यासमोर तो तुकडा काढून टाकला. 'नक्की काढायचा?' असं ते विचारतं. हो म्हटलं. इतकंच असतं ते, एक बटण.

तुला असं वाटायला नको की टाळ्या पडल्या. काही जणांनी 'रडगाणं' लिहिलं आणि गेले. एकानं विचारलं, 'मग आम्ही हसलो ते चुकलं का?' एकानं लिहिलं, 'मी पण तोतरा आहे. तेव्हा वर्गात सगळे माझ्यासमोर टिंग करायचे.' त्याचं नाव नुसते आकडे होते. मी ते आकडे मोठ्यानं वाचले आणि माफी मागितली. तोवर तो गेला असावा.

माझ्याकडचा तुकडा गेला. बाकी ठिकाणी लोकांनी उतरवून ठेवलेले पंधरा-वीस तरी असतील. मी आज दुपारपर्यंत प्रत्येकाला लिहिलं. दोघांनी काढला. एकानं उलट विचारलं, तू तुझा काढलास म्हणून मी माझा का काढू?

कंपनीतल्या बाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा घरचा प्रश्न आहे, मी समजू शकते. पण तो दिवस समुद्राचा होता ना." पुढच्या वेळच्या यादीत मी नसेन, हे त्यांनी न सांगता सांगितलं. मग म्हणाल्या, "माझी मुलगी पण अडखळते. मी तिला तो दाखवला होता. दोघी हसलो होतो." मी विचारलं, "ती हसली?" त्या म्हणाल्या, "तेच आठवतेय."

फोन ठेवल्यावर मी खिडकीवरची गादी सोडली. दोरी इतकी घट्ट बसली होती की सुरी लागली. समोर एक शिंपी आहे, दुकानाबाहेर मशीन घेऊन बसतो. दोन वर्षं माझ्या खिडकीसमोर बसत असणार. त्यानं वर पाहिलं. मी पण पाहिलं. मग त्यानं पुन्हा पाय चालवायला घेतले.

तुझं काही येणार नाही हे मी धरून चालले आहे. तू कार्डावर जे लिहिलंस ते पुरेसं आहे.

टाचणी


१९ मार्च

दादा,

काल जे झालं त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्या बाजूचं.

सकाळी अकराला सर्व्हर उघडला. माझ्या स्ट्रीमरच्या खात्यातून मला सरळ आत जाता आलं असतं, आम्हाला रांग नसते. ते खातं उघडलंच नाही. नवं काढलं, फुकटची होडी, फाटकं शीड, नाव काहीबाही. कॅमेरा बंद, चॅनल बंद. आणि रांगेत उभी राहिले. पडद्यावर दुसरं काही नाही, काळ्यावर पांढरा आकडा. चौतीस हजार आठशे. तो हळूहळू उतरत होता. मध्येच दहा मिनिटं ढिम्म हलायचा नाही. दोन वर्षांत मी रांगेत उभी राहिले नव्हते. लोक तिथे एकमेकांना लिहीत होते. कुणी म्हणे मी ऑफिसात आहे, साहेब आले तर हिशेबाचा कागद वर घेतो. कुणी म्हणे चहा करून येतो, जागा धरा. आकड्यांच्या रांगेत जागा कशी धरणार? पण तिघांनी 'धरली' लिहिलं.

साडेबाराला आईचा फोन. या वेळी जिन्यात नव्हती, आवाज घरातला होता.

"अगं, यानं रजा काढलीय," ती म्हणाली. "सकाळपासून समोर एक आकडा घेऊन बसलाय. हा काय खेळ म्हणायचा?"

मी विचारलं, "किती आहे आई, आकडा?"

"थांब, चष्मा... सत्तावीस हजार चारशे... आता तीनशे नव्वद."

माझा तीस हजार पाचशे होता.

मग मागून तुझा आवाज आला. दोन वर्षांनी. "ति... ति..." आई म्हणाली, "काय, तिला काही सांगू?" तू तिला गप्प केलं असणार, कारण ती गप्प झाली. मी पण. फोनमधून तुमच्या पंख्याचा आवाज येत होता. "ति... तिचा क... क... किती?"

मी सांगितलं. आईनं तुला सांगितलं, तुला ऐकू आलं असणार तरीही. मग तू म्हणालास, कुठेही न अडकता, "म्हणावं, मागे आहे."

आई हसली. मला म्हणाली, "तू मागे आहेस म्हणे," आणि मग, "अगं बाई, दूध," आणि फोन तसाच टाकून पळाली. फोन चालूच होता. तू तिथेच होतास, तुझ्या खुर्चीची ती करकर मला ओळखू येते. तू बोलला नाहीस. मी बोलले नाही. आईनं येऊन ठेवेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील.

तू आत शिरलास तेव्हा माझ्यापुढे तीन हजार माणसं होती. मला आत यायला त्यानंतर पाऊण तास लागला.

बंदर बघितलंस ना कसं भरलं होतं? पायऱ्या दिसत नव्हत्या. होड्यांना होड्या घासत होत्या, कुणी शिट्ट्या वाजवत होतं, घागरवाल्या बाईला विहिरीपर्यंत जायला वाट मिळत नव्हती. तुला मी शोधलं नाही. नजर जात होती, ती खाली वळवत राहिले. तू कुठे निघालास, कुणाबरोबर, ते तुझं तू ठरवशील.

बंदराबाहेर आल्यावर एक वल्ह्याची होडी माझ्याजवळ आली. वेडीवाकडी, गोल गोल फिरत. आवाज बाईंचा, साठीच्या पुढच्या असाव्यात. "अहो, त्या बाजूला काय आहे हो?"

त्या बाजूला तीन खडक आहेत, त्यांच्या मागे बकऱ्यांचं बेट. मला प्रत्येक खडकाची खोली माहीत होती.

"कुणास ठाऊक," मी म्हटलं. "मी पण आत्ताच आलेय."

"मग चला की बघू. मला भीती वाटते एकटीला."

त्या पुढे, मी मागे. पहिल्या खडकावर त्या धाडकन आदळल्या आणि इतक्या जोरात ओरडल्या की घरात कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. "अरे, खडक आहे इथे! मी शोधला!" त्यांनी घरातल्या माणसाला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जरा जपून या हं मागून." मी बरं म्हटलं आणि त्यांच्या होडीला दोर टाकला.

ओढून काढल्यावर आम्ही दोघी तिथेच थोडा वेळ तरंगत राहिलो. त्यांनी विचारलं, "तुम्ही पण एकट्याच खेळता का?"

मी म्हटलं, "नाही. माझा भाऊ आहे. तो पुढे गेलाय."

टाचणी